मनांग सेंदाचं तोंड

मनांग सेंदा मला पहिल्यांदा दिसली तेव्हा ती एका जखमी माणसाला शिव्या देत होती.

आमच्या प्रांताच्या सरकारी इस्पितळात माझी आई खुबा मोडून पडली होती आणि मी तिची बांताय म्हणून राहिले होते. इथे रोग्याबरोबर बांताय लागतोच. खालच्या दुकानातून औषधं आणायची, वारा घालायचा, नर्सपुढे तस्त धरायचं आणि झोप आली की खाटेखाली पुठ्ठा टाकून आडवं व्हायचं, हे बांतायचं काम. बहुतेकांबरोबर आई असते, बायको असते, नाहीतर बहीण. समोरच्या खाटेवर एक कोळी होता. मासे मारायला पाण्यात फेकायचा बार त्याच्या हातातच फुटला होता. पट्टी बदलायची गाडी दारात दिसली की तो थरथरायला लागायचा. त्याच्या उशाशी ही काळी, उंच, हाडकुळी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. नर्सनं पट्टीचा पहिला पदर ओला करून उचलला आणि हिचं तोंड सुटलं.

"एवढा समुद्र भरून मासे, आणि तुला सापडला तो स्वतःचाच हात. तुझ्या बापालाही मासे धरता येत नव्हते. पण त्याला निदान ते कळत होतं."

कोळी भडकला. त्यानं तिचं सगळं खानदान काढलं. तीही मागे हटेना. त्याची होडी, त्याचं जाळं, त्याची सासू, एकेक करून सगळ्यांचा उद्धार झाला. हिला आधी कुणीतरी बाहेर काढा असं मी पुटपुटले, तर आई पडल्या पडल्या म्हणाली, "राहू दे गं. काल शेजारच्या खाटेवरची मावशी त्याचा हात धरून बसली होती. पोर नुसतं ओरडत होतं." मी पुन्हा तिकडे पाहिलं तेव्हा नवी पट्टी बांधून झाली होती आणि कोळी अजून शिव्याच देत होता.

ही आमच्याच इगदालागची, नदीपलीकडच्या वाडीतली, हे मला त्यानंतर कळलं. आमच्याकडे थोरल्या बाईला मनांग म्हणजे ताई आणि थोरल्या पुरुषाला मनोंग म्हणजे दादा म्हणतात, तशी ती सगळ्यांची मनांग. मी शाळेत शिकवणारी आणि ती लोकांच्या उसात राबणारी, त्यामुळे गाठ पडली नव्हती. लग्न केलेलं नाही. आईबाप लवकर गेले, पाठची बहीण डेल्फा हिनंच वाढवली. ज्याला कुणी नसे त्याच्याबरोबर बांताय म्हणून गाव सेंदाला बोलवायचं. बारशाला आणि लग्नाला मात्र कुणी बोलवत नसे. एका लग्नात तिनं नवरीला बोहल्यावरच सांगितलं होतं की याच्या थोरल्या भावानं बायकोला दोनदा माहेरी धाडलंय, तेव्हा तू तुझं गाठोडं सोडूच नकोस. ते खरं होतं, म्हणूनच लोकांना जास्त झोंबलं. तिचं बहुतेक बोलणं खरं असे. खरं आणि अवेळी.

तिच्या सगळ्या रागाचा धनी एकच होता. रुपेर्तो, डेल्फाचा नवरा. गाव त्याला पेर्तो म्हणतं.

पेर्तो गुऱ्हाळावर काहिलीपाशी काम करायचा. रस कधी उकळला, मळी कधी काढायची, पाक कधी उतरवायचा, हे सगळं त्याच्याकडे. कमी बोलणारा, संथ माणूस. डेल्फाचं पहिलंच बाळंतपण अडलं. मूल गेलं आणि मागोमाग ताप चढला. एक रात्र काढून डेल्फाही गेली. सेंदाचं घर फक्त नदीच्या पलीकडच्या काठावर, तरी तिला निरोप गेला नाही. ती धावत आली तेव्हा शवपेटीचं झाकण लावायला घेतलं होतं. तिनं सगळ्यांसमोर पेर्तोला विचारलं, "तिनं मला बोलावलं होतं का?"

पेर्तो म्हणाला, "ती शुद्धीवर नव्हती."

पण ज्या शेजारणीनं डेल्फाला शेवटची आंघोळ घातली, तिनं सेंदाला सांगितलं की पोरगी पहाटेपर्यंत बोलत होती. काय बोलत होती ते शेजारणीला ऐकू आलं नव्हतं. बस्स, तिथून पुढे सेंदानं त्याची पाठ सोडली नाही. बाजारात गाठून विचारायची. गुऱ्हाळावर जाऊन, चार माणसं असताना विचारायची. मृतांच्या दिवशी सगळं गाव थडग्यांवर मेणबत्त्या लावायला जमतं, तिथे डेल्फाच्या थडग्याच्या एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला ही, आणि मध्ये तोच प्रश्न. त्याचं उत्तर एका अक्षरानंही बदललं नाही. लोक हळूहळू त्याच्यापासून दूर झाले. बायकोला तडफडताना टाकून काहिलीजवळ बसला होता असं बोललं जाई आणि तो ते खोडून काढत नसे. दुसरं लग्न त्यानं केलं नाही. विचारलंच तर म्हणे, "कोण देणार मला मुलगी? मनांग सेंदा वेशीवर उभी आहे."

गेल्या हंगामाच्या आदल्या हंगामात काहिलीचा एक कान तुटला आणि उकळता पाक त्याच्या अंगावर आला. पाणी ओघळून जातं, पाक चिकटतो. दोन्ही पाय आणि डावी बाजू कमरेपर्यंत भाजली. त्याची आई केव्हाच गेली होती, भाऊ दक्षिणेला मिंदानाओत केळीच्या मळ्यांवर. बांताय म्हणून कोण जाणार यावर गुऱ्हाळावरची माणसं एकमेकांकडे बघत होती, तेवढ्यात सेंदा पिशवी घेऊन जीपमध्ये जाऊन बसली.

गावाला वाटलं, शेवटी दगडाला पाझर फुटला. मीही तिला जीपपाशी तसं काहीसं म्हणाले. ती म्हणाली, "मॅडम, इतकी वर्षं हा माझ्यापासून पळतोय. आता त्याला पळता येत नाही."

ती खरोखर त्याच कामाला गेली होती. मी आठवड्यातून एकदा डबा घेऊन जायची, तेव्हा पाहिलं. कोळ्याला दिलेल्या शिव्यांत एक खेळ होता. इथे खेळ नव्हता. नर्स पट्टी भिजवायची, मेलेली कातडी चिमट्यानं खरवडायला लागायची, पेर्तो उशी चावायचा, आणि ही तस्त हातात धरून त्याच्या कानाशी वाकायची.

"दुखतंय? डेल्फालाही दुखत होतं. तिनं मला बोलावलं होतं का?"

"शुद्धीवर... नव्हती."

"खोटं बोलतोस, मेल्या. बोलावलं होतं का?"

भाजलेल्यांच्या वॉर्डची नर्स जोनालिन आमच्याच बाजूची मुलगी, पण तिलाही हे सहन होईना. इथे जखमा धुतात, खटले चालवत नाहीत, असं तिनं सेंदाला दोनदा सुनावलं. सेंदा म्हणाली, मग दुसरा बांताय शोध. दुसरा नव्हता. शेजारच्या खाटांवरचे लोकही कुरकुरायला लागले. एका म्हातारीनं तर तिच्या तोंडावर सांगितलं की तुझ्यापेक्षा जळालेलं बरं. सेंदानं तिला विचारलं, तुला कुणी विचारलं होतं?

असं चाललेलं असताना शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाकडून तो चष्मा आला. चष्मा कसला, डोळ्यांवर पट्ट्यानं बांधायचं एक काळं डबडंच. त्याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात, हे जोनालिननं मला सांगितलं. घातला की खोली दिसेनाशी होते आणि माणूस समुद्राच्या तळाशी असतो. मान वळवाल तिकडे समुद्र. एखाद्या माशाकडे टक लावून पाहिलं की तो रंग बदलून जवळ येतो. मन तिकडे गुंतलं की इकडचं दुखणं निम्मं होतं, निदान निम्म्यानं कळतं, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. मीही एकदा घालून पाहिला. एक कासव माझ्या नाकावरून गेलं आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

रोगी मात्र घालायला तयार होईनात. त्याचं कारण डॉक्टरांच्या लक्षात यायला वेळ लागला. माणूस दचकला, घाबरला, की त्याचा जीव अंगातून निघून भलतीकडे राहतो, आणि त्याच्या माणसानं नाव घेऊन हाक मारली तरच परत येतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. नदीत पडलेल्या मुलाला बाहेर काढलं तरी त्याची आई संध्याकाळी काठावर जाऊन त्याला नावानं घरी बोलावते. मग ज्याला डोळे उघडे ठेवून समुद्राच्या तळाशी धाडलं, त्याचं काय? पहिल्या रोग्याला चष्मा काढल्यावर घेरी आली आणि सगळ्या वॉर्डानं ठरवलं की याचा जीव तिथेच राहिला.

तोड जोनालिननं काढली. पट्टी बदलताना बांतायनं पडद्याच्या बाहेर उभं राहायचं, एक शब्द बोलायचा नाही, कारण बाहेरच्या बोलण्यानं तो समुद्र मोडतो. चष्मा उतरवला की रोग्यानं डोळे मिटून थांबायचं. मग बांतायनं नावानं हाक मारायची आणि त्यानं डोळे उघडायचे. डॉक्टरांना त्यात वावगं काही वाटलं नाही. रोगी तयार झाले. एकटी सेंदा भडकली.

"घाण्याच्या रेड्याला बांधतात ती झापडं आहेत ही," ती म्हणाली. "हा तिकडे मासे बघणार, आणि मी काय पडद्याकडे तोंड करून उभी राहू?"

"हो," जोनालिन म्हणाली. "आणि तोंड मिटून."

पेर्तोनं चष्म्यासाठी जे हात पुढे केले ते मी पाहिले. बुडणारा दोरीला धरतो तसे होते. त्या दिवशी तो ओरडला नाही. दोनचारदा कण्हला, एकदा तर चक्क हसला. पडद्याबाहेर सेंदा ओठ आवळून उभी होती. तो हसला तेव्हा तिनं पडद्याची कड मुठीत पकडली. चष्मा उतरल्यावर तिनं हाक मारली ती अशी, "ए मेल्या, ये परत. माझं काम राहिलंय अजून." सगळा वॉर्ड हसला. जोनालिन म्हणाली की नाव घ्यायचं असतं. सेंदा म्हणाली, त्याला कळतंय कोण मेला ते.

तेव्हापासून ती त्या चष्म्याचा दुस्वास करू लागली. वायर कुठे ठेवतात याची चौकशी केली म्हणून जोनालिन चष्मा कपाटात कुलूप लावून ठेवायची. पेर्तो आता इतर वेळी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा आणि सेंदाच्या प्रश्नाला ते ठरलेलं उत्तरही देत नसे. दुखणं हेच एक तिच्या हातात होतं आणि तेही त्यांनी काढून घेतलं. मला म्हणाली, "हा बरा होऊन घरी जाईल, मॅडम. मग पुन्हा पळेल." मी म्हणाले, पळू दे, तुझंही वय झालं. ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

त्यानंतरच्याच भेटीत ते घडलं. मी आलं घातलेली कोंबडीची पेज घेऊन गेले होते. त्या दिवशी डाव्या मांडीची कातडी खरवडायची होती, मोठं काम. जोनालिननं सेंदाला सलाईनच्या बाटल्या आणायला खाली पाठवलं. मला वाटतं, मुद्दामच पाठवलं. हाक मारायला मला पडद्याबाहेर उभं केलं. आतून मला सगळं ऐकू येत होतं. पेर्तोचं लक्ष मांडीकडे वळू नये म्हणून जोनालिन त्याला बोलतं ठेवत होती. काय दिसतंय, कासव कुठे आहे, त्याच्या मागे जा. पेर्तो झोपेतल्यासारखा उत्तरं देत होता. त्याचा असा सैल आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मधेच सेंदा जिना चढून आली. बाटल्या हातात तशाच. नियम पाळून ती माझ्या शेजारी न बोलता उभी राहिली. आणि आत जोनालिननं विचारलं,

"मनोंग, एक विचारू? ही बाई तुमच्याशी असं का वागते?"

मग तो म्हणाला, "तिची बहीण गेली तेव्हा मी तिला बोलावलं नाही."

"का नाही बोलावलं?"

"डेल्फा नको म्हणाली." तो थांबत थांबत बोलत होता. "म्हणाली, मनांगला आत्ता सांगू नको. ती येईल ती ओरडतच येईल. आधी तुझ्यावर, मग सुईणीवर, मग माझ्यावर. आज मला ओरडणं सोसायचं नाही. सकाळी जरा बरं वाटलं की बोलाव."

"मग सकाळी?"

"तिला झोप लागली असं वाटलं. काहिलीवर कुणी नव्हतं, म्हणून गेलो. तिथेच ती गेल्याचा निरोप आला."

"अहो, मग हे तिला सांगत का नाही?"

"हे कसं सांगायचं? तिनं वाढवलं तिला. शिव्यांचं काय, मला सवय आहे." मग तो म्हणाला, "थांब. कासव वळलं."

मी सेंदाकडे पाहिलं नाही. पाहायला नको असं वाटलं. मी बाटल्या तिच्या हातातून घेतल्या आणि खाली ठेवल्या.

आत पट्टी बांधून झाली. जोनालिननं चष्मा उतरवला आणि म्हणाली, "मॅडम, हाक मारा." मी तोंड उघडलं, तर सेंदानं माझ्या दंडावर हात ठेवला. पण ती स्वतः काही बोलेना. पेर्तो आत डोळे मिटून वाट बघत होता. जोनालिननं पुन्हा हाक मारा म्हटलं. ती तुझ्यापेक्षा जळालेलं बरं म्हणणारी म्हातारी खाटेवर उठून बसली. आमच्याकडे हाक लांबली की लोक घाबरतात.

"पेर्तो," सेंदा म्हणाली. "पेर्तो, ये. बस झालं."

पडदा सरकला. सेंदाला पाहून जोनालिनच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पेर्तोनं डोळे उघडले. इतक्या वर्षांत तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"तू कधी आलीस, मनांग?"

"आत्ता," ती म्हणाली. "जिन्यावर गर्दी होती."

तिनं तस्त उचललं आणि नळाकडे गेली. मी मागोमाग गेले. ती तस्त घासत होती, स्वच्छ झालं तरी घासत होती. मला म्हणाली की पेजेत आलं जास्त झालंय, मास्तरणीला एवढंही कळू नये. मी म्हटलं, झालं असेल. मग ती नळ बंद न करता म्हणाली, "सकाळी बोलाव, असं म्हणाली होती ना ती? ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं," मी म्हणाले.

"मग बोलावलं होतं तिनं मला."

पेर्तो इस्पितळात होता तोपर्यंत तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. शिव्या थांबल्या नाहीत. नळाला पाणी नाही म्हणून, भात कच्चा म्हणून, त्यानं उशी खाली पाडली म्हणून तोंड चालूच. पेर्तोच धास्तावला. तिला काय झालंय, असं त्यानं मला दोनदा विचारलं. मी म्हणाले, मला काय माहीत. पुढे घरी आल्यावर असंच एकदा भांडण पेटलं आणि तिनंच त्याच्या तोंडावर फेकलं की मासे बघत काय बडबडलास ते सगळं ऐकलंय मी, मेल्या, आणि हे बायकोच्या पेटीजवळ सांगितलं असतंस तर माझं निम्मं आयुष्य वाचलं असतं. गल्लीनं ते ऐकलं. पेर्तो म्हणाला, वाचवून काय केलं असतंस? आणि ती त्याच्या अंगावर झाडू घेऊन धावून गेली. त्याला पळता येत नव्हतं, त्यामुळे ती दोन पावलांवर थांबली.

गेल्या वर्षीच्या वादळात नदीपलीकडची वाडी उडाली, त्यात तिचं घर गेलं. गावानं तिला समाजमंदिरात जागा देऊ केली, तर तिथल्या बायकांशी भांडून ती तिसऱ्या दिवशी बाहेर पडली. सध्या ती पेर्तोच्या घराच्या मागच्या खोलीत राहते. घर एक आहे, चुली दोन आहेत, आणि दोघं एकमेकांच्या हातचं खात नाहीत.